रूळ गेले, वाट उरली

दिनांक १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिदिनी, बीड शहर आणि अहिल्यानगर यांच्यामध्ये प्रवासी आगगाडी सुरू झाली. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला होता. पहिला मोठा टप्पा, आष्टीपर्यंतचा, २०२२ च्या सप्टेंबरात वाहतुकीस खुला झाला आणि पुढे तीन वर्षांनी गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचली. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली मुले तोवर आईबाप झाली होती. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेल्या गाडीचे स्वागत झाले, ते योग्यच झाले.

रूळ येतात तेव्हा हार घातले जातात, पेढे वाटले जातात आणि वर्तमानपत्रे भरून जातात. रूळ उखडले जातात तो दिवस मात्र कोणी लिहून ठेवत नाही. लोखंड लिलावात जाते, लाकडी स्लीपर सरपणाला जातात आणि मागे मातीचा एक लांबलचक भराव उरतो. त्या भरावाचे काय होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. आम्हांला तो तसा वाटतो. बीड जिल्ह्याच्या दक्षिण सीमेलगत शंभर वर्षे धावलेल्या एका चिमुकल्या गाडीच्या आणि तिच्या सातासमुद्रापलीकडच्या धाकट्या बहिणीच्या कथेतून हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

ही गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिचा कर्ता एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता. १८५७ साली जन्मलेला हा गृहस्थ १८८२ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग बार्शीला वगळून गेला होता. बार्शी हे कापसाचे व धान्याचे भरभराटीचे पेठेचे गाव. पण माल बैलगाडीवर लादून स्टेशनापर्यंत न्यावा लागे आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात चाके रुतून बसत. येथे मोठ्या मापाची रेल्वे परवडणार नाही, पण अरुंद मापाची, हलक्या रुळांची रेल्वे सहज परवडेल, हे कॅलथ्रॉपने हेरले. त्यासाठी १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली. १८९७ च्या मार्चमध्ये, दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळत असताना, बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी येथून बार्शी गावापर्यंत गाडी सुरू झाली.

दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. परंतु कॅलथ्रॉपची खरी युक्ती मापात नव्हती, ती भाराच्या वाटणीत होती. इंजीन असो, मालाचा डबा असो की उतारूंचा डबा असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, असा नियम त्याने घातला. भार सर्वांवर सारखा वाटला गेला की हलके रूळही पुरतात, पूलही हलके चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. लीड्स येथील किटसन कंपनीने या मार्गासाठी खास इंजिने घडविली. अरुंद मापाच्या रेल्वेला तोवर खेळणे समजण्यात येई. बार्शीच्या अनुभवाने ते मत बदलले.

मार्ग हळूहळू वाढत गेला. १९०६ साली तो पंढरपुरास पोहोचला आणि आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांना गाडीची सोय झाली. दुसऱ्या बाजूस तो बार्शीहून पूर्वेकडे निघाला, इंग्रजी मुलखाची हद्द ओलांडून निजामाच्या राज्यात शिरला आणि येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड अशी गावे घेत १९११ साली लातुरास गेला. लातूरची बाजारपेठ त्यानंतर कशी फोफावली, हे त्या शहराची गंजगोलाई पाहून कोणालाही कळेल. ती १९१७ सालची, म्हणजे गाडी आल्यानंतर सहा वर्षांनी उभी राहिली. १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंतचा टप्पा पुरा झाला आणि लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा मार्ग सिद्ध झाला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप इंग्लंडात मरण पावला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने वैमानिकांचे प्राण वाचावेत म्हणून हवाई छत्री तयार करण्यात आपली बुद्धी वेचली होती आणि तिला 'गार्डियन एंजल' म्हणजे रक्षक देवदूत असे नाव दिले होते, ही गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल.

बीड जिल्ह्याच्या भूमीवर बार्शी लाइटचा रूळ पडला नाही. तरीही तिचा आणि या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. मांजरा नदीच्या एका अंगाला बीडचा केज तालुका आणि दुसऱ्या अंगाला कळंब. त्या कळंबच्या नावाने या मार्गावर कळंब रोड हे स्टेशनच होते. परळी वैजनाथास निजामाच्या रेल्वेची गाडी पुढे आली, परंतु त्याआधीची जवळजवळ दोन दशके केज, अंबाजोगाईकडच्या माणसाला जवळची आगगाडी म्हणजे ही. तिच्या संथ चालीची थट्टाही पुष्कळ झाली. पण ज्या मुलखात पावसाळ्यातील चार महिने गाव गावाला दुरावत असे, तेथे संथ का होईना, चालत राहणारी गाडी हा मोठाच आधार होता.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या जानेवारीत सरकारने ही कंपनी विकत घेतली. पुढे अर्धे शतक अरुंद रुळांवरून गाडी धावली आणि मग या शतकाच्या पहिल्या दशकात रुंदीकरण झाले. त्या वेळी एक महत्त्वाचा बदल करण्यात आला. जुना मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या जिल्ह्याच्या ठिकाणाला वगळून पांगरीवरून रामलिंगच्या डोंगरांतून सरळ येडशीला जात असे. नवा रुंद मार्ग वळण घेऊन उस्मानाबाद शहराजवळून नेण्यात आला. लातूर ते उस्मानाबाद हा भाग २००७ मध्ये आणि तेथून कुर्डुवाडीपर्यंतचा भाग २००८ मध्ये सुरू झाला. जिल्ह्याच्या शहराला रेल्वे मिळाली, याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे घाटातली जुनी वाट सुटली. तोफेच्या गाड्यासारखी धडधडणारी छोटी इंजिने जेथून चढत, तेथे आता कोणतीच गाडी जायची नव्हती.

आता आपण इंग्लंडात जाऊ या. बार्शीचे यश पाहून स्टॅफर्डशायर परगण्यातील काही पुढाऱ्यांनी आपल्या डोंगराळ खोऱ्यासाठी तशीच रेल्वे बांधण्याचे ठरविले आणि अभियंता म्हणून कॅलथ्रॉपलाच बोलाविले. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे हे तिचे नाव. १९०४ च्या जून महिन्यात ती सुरू झाली. वॉटरहाउसेस ते हुल्म एंड अशी तिची लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. माप तेच अडीच फुटांचे, इंजिने त्याच किटसनची. डब्यांची आणि इंजिनांची धाटणी पाहून लोकांना ती हिंदुस्थानातून उचलून आणल्यासारखी वाटे, कारण इंजिनांच्या पुढे आपल्याकडच्यासारखे भलेमोठे दिवे बसविलेले होते. गाडीच्या संचालकांपैकी सर थॉमस वार्डल हे लीकचे रंगारी व रेशीमतज्ज्ञ. त्यांनी आपल्या देशातील टसर रेशमावर आयुष्यभर अभ्यास केला होता. त्यांच्या स्वेन्सली येथील वाड्यासमोरून गाडी दिसू नये म्हणून तेथे मुद्दाम बोगदा खोदण्यात आला, असे सांगतात. थोडक्यात, ही बार्शीचीच धाकटी बहीण. मोठी बहीण काळ्या मातीत कापूस वाहत होती, धाकटी हिरव्या खोऱ्यात दूध.

धाकटीचे आयुष्य मात्र थोडे निघाले. खोऱ्यातील तांब्याच्या खाणी आधीच बंद पडल्या होत्या, वस्ती विरळ होती आणि दूध नेण्यासाठी मोटारलॉऱ्या आल्या. १९३४ च्या मार्चमध्ये, तिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ती बंद झाली. रूळ उखडले गेले, लोखंड विकले गेले. येथवरची कथा सर्वत्र सारखीच आहे. पुढे जे घडले ते मात्र निराळे. रेल्वे कंपनीने ती जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली नाही. सबंध वाट परगण्याच्या कौन्सिलकडे सोपविली. कौन्सिलने खडी दाबून, पूल दुरुस्त करून १९३७ साली ती पादचाऱ्यांसाठी खुली केली. जगात जुन्या लोहमार्गाची अशी पायवाट होण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. आज तिला मॅनिफोल्ड वे म्हणतात. तिच्यावरून लोक चालतात, सायकली चालवितात, चाकाच्या खुर्चीतून अपंगांना नेतात. जी रेल्वे तीस वर्षेही टिकली नाही, तिची वाट जवळजवळ नव्वद वर्षे टिकून आहे.

अशा वाटेला आगगाडीने दिलेले एक वरदान असते. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चढवत नाही. म्हणून अभियंते टेकडी कापतात, ओढ्यावर भराव घालतात, नदीवर पूल बांधतात आणि अगदी हलक्या उतारावरून मार्ग नेतात. रूळ निघून गेले तरी तो सौम्य उतार राहतो. सबब गुडघे दुखणारी आजी आणि सायकल शिकणारी नात, दोघींनाही ती वाट सारखीच झेपते. कॅलथ्रॉपने भार सर्वांवर सारखा वाटला होता. त्याची वाटही सर्वांना सारखी सोपी झाली.

योगायोग असा की, १९३४ साली आपल्या मुंबईतही एक छोटी रेल्वे मेली. तुर्भे म्हणजे ट्रॉम्बे ते अंधेरी असा सुमारे तेरा किलोमीटरचा एक मार्ग १९२८ मध्ये सुरू झाला होता. त्याला सेंट्रल साल्सेट ट्रामवे म्हणत. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. कुर्ला, कलिना आणि अंधेरीच्या आसपासच्या ज्या गावठाणांमध्ये आपल्या समाजाची जुनी घरे आणि चर्चे आहेत, त्या मुलखातून ही गाडी जाई. सहाच वर्षांत ती बंद झाली. सांताक्रूझच्या विमानतळाने त्या मार्गाचा काही भाग गिळला आणि काही भागावर मोटारींचा रस्ता झाला. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा सी.एस.टी. रोड तो हाच. ही अक्षरे छत्रपती शिवाजी टर्मिनसची आहेत, असे आज पुष्कळांना वाटते. वास्तविक ती सेंट्रल साल्सेट ट्रामवेची आहेत. एकाच वर्षी मेलेल्या, जवळजवळ सारख्याच लांबीच्या दोन रेल्वे: एकीची पायवाट झाली, ती लोकांच्या ध्यानात राहिली, दुसरीचा हमरस्ता झाला आणि तिच्या नावाचा अर्थसुद्धा विसरला गेला. मुंबईला रस्त्याची गरज होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या रस्त्याच्या कडेने आज मूल सायकलवर शाळेत पाठविण्याची कोणत्या आईची छाती होईल?

मॅनिफोल्डचा कित्ता पुढे अनेक देशांनी गिरविला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा ही तीन बोगद्यांची जुनी वाट १९६० च्या दशकात सायकलींसाठी खुली झाली. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या मार्गांच्या 'हिरव्या वाटा' करण्याचे काम राष्ट्रीय पातळीवर हाती घेण्यात आले. आयर्लंडमध्ये वेस्टपोर्ट ते अॅचिल ही १९३७ साली बंद झालेली रेल्वे या शतकात ४२ किलोमीटरची पायवाट होऊन पुन्हा जागी झाली. ज्या क्रोह पॅट्रिक डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो कॅथलिक यात्रेकरू चढतात, तो याच वेस्टपोर्टजवळचा.

यातील एक गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. अमेरिकेने १९८३ साली असा कायदा केला की, बंद पडणारा मार्ग पायवाट म्हणून वापरावा, परंतु त्याची सलग जमीन मोडू नये. उद्या गरज पडली तर तेथे पुन्हा रूळ टाकता यावेत. शेजारच्या जमीनमालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र ज्यांचा हक्क बुडाला असेल त्यांना नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा ठेवला. वाट म्हणजे ठेव. वापरली म्हणून ती संपत नाही. मोडली की मात्र संपते. शंभर शेतांमधून जाणारी सलग पट्टी आज नव्याने संपादन करायची म्हटले तर काय होते, हे अहमदनगर-बीड मार्गाच्या तीस वर्षांनी आपल्याला शिकविले आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सहलीच्या वाटा हे सुखवस्तू देशांचे कौतुक. बीडसारख्या दुष्काळी, कष्टाळू जिल्ह्याला त्यांचे काय होय? आमचे उत्तर असे की, चालणे ही बीडला हौस नाही, ती त्याची रोजची रीत आहे. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लक्षावधी ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या परिसरात त्यांच्या बैलगाड्या मालमोटारींच्या गर्दीतून वाट काढतात. मानव विकास कार्यक्रमातून शासन मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली देते. सायकल मिळते, पण ती सुखरूप चालविण्याची वाट मिळत नाही. पंढरीचे वारकरी आणि हरेगावच्या मतमाउलीचे पदयात्री, दोघेही हमरस्त्याच्या कडेने, भरधाव गाड्यांच्या वाऱ्यात चालतात. ज्या मुलखात पायी चालणारा माणूसच सर्वांत मोठ्या संख्येने आहे, त्या मुलखात पायी चालणाऱ्यासाठी एकही राखीव वाट नसावी, हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही.

शिवाय ही कल्पना परकी आहे असेही नाही. आपल्या खेड्यांत पांदण असते. ती कोणा एकाच्या मालकीची नसते. शेताला जाणाऱ्या प्रत्येकाची असते. दोन्ही बाजूंच्या बांधांनी ती हळूहळू खाल्ली की भावाभावांत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर पेटते, तहसील कचेरीत अर्ज पडतात आणि पाऊस लागला की पीक शेतातच अडकते. पांदण राखणे हे गावाचे शहाणपण आणि ती गिळणे हे गावाचे पाप, एवढे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. जुना लोहमार्ग ही रेल्वेने मागे ठेवलेली पांदणच होय; फक्त ती एका शिवारापुरती नसून अनेक गावांना जोडणारी आहे.

तथापि पायवाट आपोआप होत नाही आणि झालेली आपोआप टिकत नाही, हेही मॅनिफोल्डनेच शिकविले. तेथेही वाटेचा एक तुकडा, स्वेन्सलीचा बोगदा धरून, मोटारींना खुला झाला आणि आजही त्या भागात चालणाऱ्याला गाड्यांना वाट द्यावी लागते. एकदा चाकांना दार उघडले की ते पुन्हा लावता येत नाही. म्हणून प्रथम ठरवायचे ते हे की, या वाटेवर मोटार येणार नाही. त्यानंतर मोजणी, हद्दीचे दगड, पुलांची डागडुजी, सावलीसाठी कडुनिंब आणि पाण्याची सोय. ज्यांची जमीन एकेकाळी त्या मार्गासाठी गेली, त्यांच्या वारसांशी आधी बोलावे. वाट त्यांच्याविरुद्ध नव्हे, त्यांच्यासह झाली पाहिजे. ज्या गावांतून ती जाते त्या ग्रामपंचायतींच्या हाती तिची राखण असावी, कारण दूरच्या कचेरीला बांध सरकलेला दिसत नाही. तो शेजाऱ्यालाच दिसतो.

बार्शी लाइटची काही इंजिने व डबे लोकांनी जपून ठेवले आहेत आणि ते स्तुत्य आहे. परंतु इंजीन हे गाडीचे शरीर झाले. माणसांना माणसांपर्यंत नेणे हा तिचा प्राण. रामलिंगच्या डोंगरातील सुटलेली वाट येडशी-पांगरीच्या मुलींच्या सायकलींना आणि देवदर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या पायांना मिळाली, तर तो प्राण राहील. बीडला आज नवे रूळ मिळाले आहेत. ते शतकभर वाहोत, हीच आमची प्रार्थना. पण जे रूळ गेले त्यांच्या मागे उरलेली माती ही देखील त्याच सार्वजनिक श्रमांची मिळकत आहे. पाट्या-घमेली डोक्यावर वाहून ज्यांनी ते भराव घातले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. ती वाट चालती राहणे, एवढेच त्यांचे स्मारक होऊ शकते.